डावीकडचं स्टूल आणि चौदा वाक्यं

दातांच्या दवाखान्यात खरी सत्ता कुणाची, असं विचारलं तर लोक डॉक्टरांचं नाव सांगतात. असे लोक त्या खुर्चीत कधी आडवे झालेले नसतात. आडव्या माणसाला डॉक्टर दिसतच नाहीत. त्याला दिसतो डोळ्यांवर आलेला दिवा, मास्कच्या वरचा अर्धा चष्मा, आणि डाव्या अंगाला गोल स्टुलावर बसलेल्या मावशी. तोंडातलं पाणी ओढायची नळी त्यांच्या हातात. नळी थोडी जरी उशिरा आली तर माणूस स्वतःच्याच थुंकीत बुडून मरेल, हे त्या क्षणी फक्त त्यालाच कळत असतं. म्हणून तो डोळ्यांनी मावशींची विनवणी करतो. डॉक्टरांची कुणी करत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यातल्या मावशींनी त्या स्टुलावर बावीस वर्षं काढली. स्टूल तीन वेळा बदललं, मावशी त्याच. माणूस नुसता दारातून आत आला की त्या ओळखत, हा ओरडणारा की हा निमूट सोसणारा. ओरडणाऱ्याची त्यांना काळजी नव्हती. "ओरडतो तो तोंड उघडतो तरी," त्या म्हणत. "गप्प बसणारे ऐन वेळी जबडा मिटतात आणि कुलूप लागल्यासारखे बसतात."

मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्यावाचून बावीस वर्षांत एकही दात अडून राहिला नव्हता.

पण मग थोरले डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी शिकून आली. तिला आपण धाकट्या डॉक्टर म्हणू, कारण त्यांना तसं म्हटलेलं अजिबात आवडत नाही. या धाकट्या डॉक्टरांचा पहिला दुधाचा दात मावशींनी दोऱ्याने ओढून काढला होता. आता त्यांनी आल्या आल्या बाहेरच्या खोलीला 'लाउंज' केलं, पेशंटला 'क्लायंट' केलं, आणि भिंतीवरच्या किडक्या दाढेच्या जुन्या चित्राच्या जागी हसणाऱ्या बाईचं चित्र लावलं. त्या बाईला बत्तीसच्या बत्तीस दात आहेत आणि एकालाही काही झालेलं नाही. ती दवाखान्यात कशाला आली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याच सुमाराला शहराबाहेर एक मोठा कारखाना उभा राहिला. कारखान्याबरोबर परदेशातली माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांचे दात आले. धाकट्या डॉक्टरांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी मावशींना आतल्या खोलीत बोलावलं.

"मावशी, आता खुर्चीजवळ इंग्रजी बोलणारं माणूस लागेल."

"मग तुम्ही बोला की. तुम्हाला येतं."

"मी काम करू की बोलू? असिस्टंटनेच पेशंटशी, म्हणजे क्लायंटशी, बोलायचं असतं. सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडे म्हणजे कुठं?"

यावर डॉक्टरांनी फाइल उघडून बंद केली. सुशिक्षित माणसं उत्तर नसलं की हेच करतात. मग त्या म्हणाल्या, "हे बघा, महिनाअखेरीला एक परदेशी क्लायंट आहे. त्याच्याशी सगळं तुम्ही बोलायचं. मी एक अक्षर बोलणार नाही. जमलं तर स्टूल तुमचं. नाही जमलं, तर तुम्ही मागच्या खोलीत हत्यारं धुवायला बसा. पगारात फरक नाही करणार हं मी."

पगाराचं नाव काढलं याचाच मावशींना जास्त राग आला. मागच्या खोलीत एक मोरी, हत्यारं उकळायचं एक यंत्र आणि एक खिडकी. ती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. बावीस वर्षं माणसांच्या तोंडात डोकावलेल्या बाईला म्हातारपणी भिंतीकडे तोंड करून बसवणार! "हत्यारं काही आपणहून सांगत नाहीत दुखतंय म्हणून," असं त्या घरी येऊन म्हणाल्या आणि चहा न पिताच बसून राहिल्या.

घरी तीन माणसं. मावशी, त्यांचे यजमान आणि सून. मुलगा कामानिमित्त परगावी. यजमान कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या घासून देतात आणि बोलणं टाळतात. सून टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक तिला फोनवर शिव्या देतात आणि ती त्यांना इंग्रजीत 'होल्ड ऑन' म्हणजे 'जरा थांबा' म्हणते. थांबून थांबून लोक कंटाळतात आणि फोन ठेवतात. याला तिकडे तक्रार निवारण म्हणतात.

आता तुम्हीच बघा, जगात सासवांनी सुनांना काय काय शिकवलं असेल. पण सुनेने सासूला 'सिट डाउन', 'गेट अप' शिकवायचं, म्हणजे बस म्हटलं की बस आणि ऊठ म्हटलं की ऊठ, ही संधी फार थोड्या सुनांच्या नशिबी येते. सूनबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"आई, इंग्रजी काही अवघड नसतं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "रोजच्या बोलण्यात क्रियापदं फार नाहीतच. गेट, पुट, टेक, टर्न, कम, गो. एवढ्यावर सगळं चालतं. फक्त मागे एक शेपूट लावायचं. अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ."

"म्हणजे गडी सहा आणि कामं शंभर," मावशी म्हणाल्या. "आपल्या दवाखान्यासारखंच."

सुनेने घरभर इंग्रजी सुरू केलं. 'टर्न ऑफ द गॅस' म्हटलं की गॅस बंद करायचा. 'पुट ऑन द फॅन' म्हटलं की पंखा लावायचा. 'पिक अप द टॉवेल' हे फक्त सासऱ्यांसाठी होतं. दूध संपलं की ती म्हणे, 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.' मावशी ऐकून घेत आणि आपल्या भाषेत म्हणत, "संपलं तर संपलं म्हण. पळायला कशाला लावतेस त्याला?"

एकदा सून फोनवर मैत्रिणीला म्हणाली, 'आय हॅव टु पुट अप विथ माय मदर-इन-लॉ.' मावशी दारातच उभ्या.

"माझं नाव घेतलंस ना गं? काय म्हणालीस?"

"काही नाही हो आई. म्हणजे आम्ही… एका घरात राहतो."

"एवढंच ना? मग माझंही लिहून घे. आय पुट अप विथ सूनबाई."

त्याचा खरा अर्थ 'नाइलाजाने सोसते' असा होतो, हे मावशींना अजून कुणी सांगितलेलं नाही. आपणही सांगू नये. दोघींचंही वाक्य बरोबर आहे.

पण चौथ्या दिवशी मावशींनी हा सगळा पसारा बाजूला सारला. "मला गॅस नको, पंखा नको. माणूस खुर्चीत आल्यापासून उठून जाईपर्यंत मी जे बोलते तेवढं दे."

सुनेने कागदावर चौदा वाक्यं आपल्या लिपीत उतरवून दिली. कम इन, आत या. सिट डाउन, बसा. टेक ऑफ युअर ग्लासेस, चष्मा काढा. लाय बॅक, मागे टेका. ओपन अप, तोंड उघडा. होल्ड ऑन, थांबा. काम डाउन, घाबरू नका. ब्रीद इन, ब्रीद आउट, श्वास आत, श्वास बाहेर. दहावं बाइट डाउन, दात दाबून धरा. मग रिन्स आउट, चूळ भरा. स्पिट इट आउट, थुंका. गेट अप, उठा. आणि चौदावं कम बॅक, परत या. हे शेवटचं धाकट्या डॉक्टरांना सगळ्यात आवडलं असतं.

मावशींना पाठांतराची एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे पाढा. लहानपणी शाळेत एकोणतीसचा पाढा त्यांनी जसा पाठ केला, तशीच त्यांनी ही चौदा वाक्यं पाठ केली. डोलत, एका दमात, एका चालीवर. भाजी चिरताना पाढा, केस विंचरताना पाढा. झोपेतही एकदा 'स्पिट इट आउट' म्हणाल्या, तेव्हा शेजारी झोपलेले यजमान उठून बसले.

सून म्हणाली, "आई, असं ओळीने नका हो पाठ करू. सुटं सुटं करा. मधलंच एखादं विचारलं तर?"

"मधलं कोण विचारतंय? माणूस दारातून येतो का छतातून पडतो?"

"अहो, पण समजा, नुसतं बाइट डाउन म्हणायचं असलं तर?"

"तर तिथपर्यंत यायचं. त्यात काय एवढं?"

आणि त्या खरोखरच पहिल्यापासून सुरू करून तिथपर्यंत येत. एकोणतीस सत्ते विचारलं की एकोणतीस एकेपासून येणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मधे बोट घातलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांना उत्तर येत नाही असं नसतं. येतं, पण ते चालत येतं.

सरावाला पेशंट म्हणून यजमान. हॉलमधली आरामखुर्ची म्हणजे दवाखान्याची खुर्ची. पहिलं वाक्य 'कम इन' असल्यामुळे दर खेपेला यजमानांना दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागे. एका संध्याकाळी ते नवव्यांदा बाहेर उभे असताना शेजारी जिना चढत होता.

"काय हो, घरात घेत नाहीत वाटतं?"

"घेतात," यजमान म्हणाले. "वाक्य येऊ दे."

यजमानांचे सगळे दात पडून कवळी आलेली. बाइट डाउनला ते कवळी दाबून धरत आणि स्पिट इट आउटला कधी कधी तीही बाहेर येई. मावशी म्हणत, "तुम्ही फार मनावर घेता बाई."

महिनाअखेर आली. परदेशी क्लायंट आला. कारखान्यातला इंजिनिअर, दाराच्या चौकटीएवढा माणूस, आणि भीतीने अगदी कोमेजलेला. एवढ्या मोठ्या देहाला एवढ्याशा दाढेची इतकी भीती वाटावी, हे पाहून कुणाचाही जीव कळवळला असता. धाकट्या डॉक्टर मास्क लावून, ओठ मिटून उभ्या. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतल्या मोरीचा नळ टपटपत होता.

"कम इन," मावशी म्हणाल्या.

तो आला. "सिट डाउन." बसला. "टेक ऑफ युअर ग्लासेस." त्याने चष्मा काढून शेजारच्या ट्रेवर ठेवला. "लाय बॅक." टेकला. "ओपन अप." त्याने असं तोंड उघडलं की आत बघायला दिवा लावायची गरज पडू नये. डॉक्टरांनी सुई पुढे आणली, त्याचे डोळे पांढरे झाले, आणि मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून होल्ड ऑन, काम डाउन, ब्रीद इन, ब्रीद आउट ही चारही वाक्यं एका लयीत म्हटली. तो त्या लयीत श्वास घेऊ लागला. सुई कधी गेली ते त्याला कळलंही नाही. अर्धा जबडा बधिर झाला. डॉक्टरांनी दाढ कोरली, भरली. मावशींची नळी जिथे हवी तिथे. पाढा नवव्या वाक्यावर येऊन थांबलेला. इथवर सगळं इतकं छान झालं की धाकट्या डॉक्टरांनी मनात स्टूल देऊनही टाकलं असणार.

आता भरलेली दाढ उंच तर राहिली नाही ना, हे बघायचं होतं. त्यासाठी दाढेवर निळ्या कागदाची पट्टी ठेवतात आणि पेशंटला दात दाबायला सांगतात. डॉक्टरांनी पट्टी ठेवली आणि मावशींकडे वळून हळूच म्हटलं, "आता दाबायला सांगा."

इतकंच म्हटलं असतं तर दहावं वाक्य तोंडाशी आलेलंच होतं. पण धाकट्या डॉक्टर वाहत्या कामात सूचना दिल्याशिवाय राहतील तर त्या डॉक्टर कसल्या! त्या पुढे म्हणाल्या, "श्वासाचं नको आता. फक्त दाबायला सांगा. मोठ्याने, स्पष्ट."

मधे बोट घातलं. पाढा मोडला. मावशींनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मोठ्याने आणि स्पष्ट.

"कम इन."

इंजिनिअरने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"सिट डाउन."

तो बसलेलाच होता. पण परक्या देशात अविनय नको म्हणून तो खुर्चीत आणखी थोडा बसला.

"टेक ऑफ युअर ग्लासेस."

त्याने नाक चाचपलं. चष्मा नव्हता. क्षणभर तो गोंधळला, मग त्याने ट्रेवरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. असा आज्ञाधारक पेशंट आम्ही तरी दुसरा पाहिला नाही. "लाय बॅक" ला त्याने मान इतकी मागे रेटली की खुर्ची कुरकुरली. "ओपन अप" ला जबडा आ वासला, आणि त्या झटक्यात निळी पट्टी दाढेवरून घसरून गालात गेली.

ती सारखी करायला धाकट्या डॉक्टरांनी डाव्या हाताचं बोट आत घातलं. बोलायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलेलं, त्यामुळे त्या 'थांबा' म्हणाल्या नाहीत. मावशींचे डोळे मिटलेलेच. होल्ड ऑन गेलं. काम डाउन गेलं. ब्रीद इन, ब्रीद आउट गेलं.

"बाइट डाउन!"

त्याचा अर्धा जबडा बधिर. दातांत कागद आहे की बोट, हे कळायचा त्याला काही मार्ग नव्हता. त्याने प्रामाणिकपणे, सगळा जोर लावून, दात दाबून धरले.

"आई गं! सोड! अरे सोड ना मेल्या!" धाकट्या डॉक्टर किंचाळल्या. सहा वर्षांचं इंग्रजी शिक्षण त्या एका बोटातून वाहून गेलं. इंजिनिअरला यातलं काही समजलं नाही. डॉक्टर ओरडते आहे म्हणजे दाबणं कमी पडतंय, असा सरळ अर्थ काढून त्याने आणखी जोर लावला.

"मावशी! सोड म्हणा त्याला! सांगा काहीतरी!"

मावशींनी डोळे उघडले. परिस्थिती पाहिली. 'सोड' हे चौदात नव्हतं. सुनेने दिलंच नव्हतं. दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळून बसलं असतं. पण पाढ्यातून बाहेर पडायची एकच वाट असते, ती म्हणजे पुढे जायचं. मावशींनी पाण्याचा पेला उचलला, इंजिनिअरच्या नाकासमोर धरला आणि ठाम आवाजात म्हणाल्या,

"रिन्स आउट."

त्याने चूळ भरायला तोंड उघडलं. बोट सुटलं.

"स्पिट इट आउट," मावशींनी ओघात म्हटलं. तो थुंकला. 'गेट अप' मात्र त्यांनी गिळून टाकलं. पाढा पुरा न करता सोडून देण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिली वेळ.

पुढची दोन मिनिटं फार गोंधळाची गेली. बेसिनच्या नळाखाली हात धरून डॉक्टर रडकुंडीला आलेल्या. काय झालं ते इंजिनिअरला कळलं, तेव्हा तो एवढा मोठा माणूस 'सॉरी, सॉरी' म्हणत खुर्चीतच दुमडला. मावशी डॉक्टरांचा हात आपल्या हातात घेऊन बघत होत्या.

"हाड शाबूत आहे. हातमोजा होता म्हणून वाचलात. सुजेल मात्र."

"माझं चुकलं," डॉक्टर नाक ओढत म्हणाल्या. "नाही, तुमचं चुकलं. कम इन काय म्हणता मधेच?"

"तुम्हीच म्हणालात मोठ्याने बोला."

"पहिल्यापासून बोला म्हटलं होतं का मी?"

"मधलं मला येत नाही, बाळ." कितीतरी दिवसांनी मावशींच्या तोंडून 'बाळ' गेलं. ती शिकून आल्यापासून तिला 'डॉक्टर'च म्हणायचं ठरलेलं होतं. कुणी दुरुस्त केलं नाही.

दाढ तशीच अर्धवट. उंचवटा घासायचा राहिलेला, जबड्याची बधिरता उतरायच्या आत काम संपवायला हवं. आणि गाल बाजूला ओढून धरायचा तो डावा हात तर कामातून गेलेला. डॉक्टर उजव्या हातात घासणी घेऊन खुर्चीकडे वळल्या आणि थांबल्या. तोवर मावशींनी उजव्या हातात नळी धरलेलीच होती. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी इंजिनिअरचा गाल ओढून धरला. नेमका तेवढाच, नेमका तिथेच.

कुणी कुणाशी कुठल्याही भाषेत बोललं नाही. डॉक्टरांनी घासलं, मावशींनी पाणी ओढलं. कागद लावायची वेळ आली तेव्हा मावशींनी नुसते आपले दात वाजवून दाखवले. त्याने तसंच केलं. सात मिनिटांत दाढ झाली. एवढं सोपं असताना गेला महिनाभर यजमानांना दाराबाहेर का उभं केलं, हा विचार मावशींच्या मनात आला असेल, पण त्यांनी तो यजमानांना सांगितला नाही.

जाताना इंजिनिअरने डॉक्टरांच्या बोटाकडे बघून पुन्हा माफी मागितली, आणि मावशींचे दोन्ही हात हातात घेऊन बराच वेळ काही बोलला. मावशींना शब्द कळले नाहीत. त्यांनी आपल्याकडे उरलेल्यांतलं एक वाक्य दिलं. "कम बॅक." तो म्हणे फार हसला.

संध्याकाळी दवाखाना बंद करताना मावशी मागच्या खोलीत गेल्या आणि आपणहून हत्यारं धुवायला घेतली. बोटाला पट्टी बांधलेल्या धाकट्या डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करताय?"

"हरले ना मी."

"हे बोट बरं व्हायला दहा दिवस आहेत. तोवर गाल कोण ओढणार?"

"दहा दिवसांनी?"

डॉक्टरांनी फाइल शोधली. हातात फाइल नव्हती. मग त्यांना उत्तर द्यावंच लागलं. "दहा दिवसांनीही तुम्हीच. इंग्रजी मी बोलेन. तुम्ही काही बोलू नका."

आता कुणीही शहाणी बाई इथे गप्प बसली असती. स्टूल मिळालं होतं. पण मावशींनी हातातला चिमटा मोरीत ठेवला.

"म्हणजे? चौदा वाक्यं पाठ केली मी. पुरती. माझा माणूस त्यापायी जिन्यात उभा राहिला. आणि काही बोलू नका?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: परदेशी पेशंट आला की मावशींनी दारातच त्याला चौदाच्या चौदा वाक्यं एका दमात म्हणून दाखवायची. मग स्टुलावर बसायचं आणि पुढे अक्षर काढायचं नाही. पेशंटला पुढे काय काय होणार ते आधीच कळतं आणि मावशींचा पाढाही मोडत नाही. परवा दुसऱ्या गावचे एक डॉक्टर दवाखाना बघायला आले होते. त्यांनी हा प्रकार पाहून विचारलं, हे ट्रेनिंग कुठलं? धाकट्या डॉक्टर डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या, "आमची स्वतःची सिस्टिम आहे." ते गृहस्थ मावशींची चौदा वाक्यं वहीत उतरवून घेऊन गेले. आता त्यांच्याही बोटाची काळजी वाटते.

एकच गोष्ट मिटायची राहिली आहे. डॉक्टरांचं म्हणणं, पाढ्यात 'लेट गो' म्हणजे 'सोडा' हे वाक्य घालाच, न जाणो कधी लागेल. मावशींना ते तत्त्वतः मान्य आहे.

"पण शेवटी नाही लावता येत ते," त्या म्हणाल्या. "चावल्यानंतर लगेच हवं. म्हणजे अकरावं. मग चूळ बाराव्यावर जाते, थुंकणं तेराव्यावर, सगळी ओळ हलते. पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागेल. आठ दिवस द्या."

"घ्या," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. "तोवर मी बोट बाहेर ठेवते."